दहाव्या वर्षानंतरचे चित्र



कलाशिक्षकांच्या या संमेलनाचे अध्यक्षपद आपण मला दिले आहे. अशा प्रसंगी कलेचे माहात्म्य वर्णन करण्याचा शिरस्ता आहे. परंतु ज्यांनी आपले आयुष्यच या विषयाला वाहिले, त्यांच्यापुढे ते वर्णन करण्यात वेळ दवडणे मला उचित वाटत नाही. मी एकाच प्रश्नापाशी थांबणार आहे. आपल्या शाळांतले जवळजवळ प्रत्येक मूल पहिलीत चित्रे काढत असते आणि आठवीत पोचेपर्यंत त्यांतले बहुतेक ‘मला चित्र येत नाही’ असे म्हणू लागते. या सहा-सात वर्षांत काय घडते?

दुसरीतल्या एका मुलाचे एक चित्र मी जपून ठेवले आहे. कागदाच्या मध्यभागी विहीर आहे, ती वरून पाहिल्यासारखी वाटोळी. तिच्या भोवतालची आंब्याची झाडे चारी दिशांना बाहेरच्या अंगाला आडवी झालेली. विहिरीच्या पोटातले कासव दिसते, पंपाचा पाइप जमिनीखालून शेताकडे जाताना दिसतो, आणि काठावर उभी असलेली आई कोणत्याही झाडाहून उंच आहे. या मुलाने डोळ्यांना दिसले ते काढलेले नाही, त्याला जे ठाऊक होते आणि जे महत्त्वाचे वाटले ते काढले आहे. झाडे विहिरीच्या सभोवार आहेत, एकाच बाजूला नाहीत, हे सपाट कागदावर सांगावयाचे तर याहून सरळ मार्ग कोणता? प्राचीन इजिप्तमधील नेबामुन नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यातून काढलेले, सुमारे 3400 वर्षांपूर्वीचे तळ्याचे जे चित्र आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, त्यातही तळे वरून पाहिलेले, मासे बाजूने पाहिलेले आणि एका काठची झाडे आडवी झालेली आहेत. त्या चित्रकाराला जी युक्ती परंपरेने प्राप्त झाली होती, ती या मुलाने घरच्या विहिरीकाठी स्वतःच्या बुद्धीने शोधून काढली.

आणि अशा वहीवर आपण लाल पेन्सिल चालवतो! ‘झाडे उभी काढ’ असा शेरा मारून आपण फळ्याकडे वळतो, दोन डोंगर काढतो, त्यांच्या खिंडीतून अर्धा सूर्य उगवतो, चारच्या आकड्यासारखे पक्षी उडवतो, नागमोडी नदी सोडतो, काठी उतरत्या छपराचे घर बांधतो आणि वर्गाला ते उतरवून घ्यावयास सांगतो. मराठवाड्यातल्या ज्या गावाच्या क्षितिजावर डोंगर नाही आणि ज्या गावातली जुनी घरे धाब्याची, सपाट माथ्याची आहेत, तेथल्या मुलांच्या वह्यांतही मी हेच दोन डोंगर आणि हेच उतरते छप्पर पाहिले आहे. तेथल्या मुलाने खिडकीबाहेर पाहिले असते तर त्याला चित्रासाठी काय मिळाले असते, याचा हिशेब करता येत नाही. परंतु खिडकीबाहेर पाहण्याची गरज नाही, एवढे त्याला या तासाने पक्के शिकवले.

बालकाची कला म्हणजे प्रौढांच्या कलेची अपुरी नक्कल नव्हे, हा विचार आता नवा राहिलेला नाही. व्हिएन्ना येथे फ्रान्झ चिझेक यांनी 1897 मध्ये मुलांसाठी स्वतंत्र कलावर्ग उघडला, तेव्हापासून तो जगभर मांडला गेला. आपल्याकडे 1937 च्या वर्धा परिषदेतून नयी तालीम ही हस्तोद्योगातून शिक्षण देणारी पद्धती उदयास आली. आणि शांतिनिकेतनच्या कलाभवनात शिकून तयार झालेले देवी प्रसाद 1944 मध्ये वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला येऊन तेथील मुलांचे कलाशिक्षक झाले. सूतकताई, शेती आणि सफाई यांच्या बरोबरीने चित्राला शाळेच्या नित्यक्रमात स्थान असावे, आणि ते शिक्षणाचे भूषण म्हणून नव्हे तर त्याचे वाहन म्हणून असावे, हा आग्रह त्यांनी प्रत्यक्ष वर्गात चालवून दाखवला. वर्ध्याच्या त्या मातीत हे झाले असताना आपल्या जिल्हा परिषदांच्या शाळांपर्यंत त्यातले फारच थोडे पोचले, याचे मला मनापासून दुःख आहे.

परंतु आज मला विशेष बोलावयाचे आहे ते याच्या पुढच्या टप्प्याविषयी, कारण तेथे आपल्यातल्या जाणत्या मंडळींची वाट चुकते असे माझे मत आहे. बालकाला मोकळे सोडावे, हे तत्त्व मान्य करून आपण ते दहाव्या-अकराव्या वर्षानंतरही तसेच चालू ठेवतो. या सुमारास मुलाच्या मनात एक पालट होतो, आणि कलाशिक्षणतज्ज्ञ व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी 1947 मधील आपल्या ग्रंथात त्याची अवस्थांनुसार चिकित्सा केली आहे. काल जे मूल आईला झाडाहून उंच काढून समाधान पावत होते, तेच आज आपल्या चित्राकडे परक्याच्या नजरेने पाहू लागते. खुर्ची खुर्चीसारखी दिसत नाही, हाताची बोटे काट्यांसारखी झाली, हे त्याला स्वतःला कळते आणि बोचते. अशा मुलाला ‘तुला वाटेल ते काढ, छान झाले आहे’ असे म्हणणे ही दया नव्हे. ते मदत मागत आहे आणि आपण त्याला शाबासकी देऊन परत पाठवतो. मग ते खोडरबराने कागद फाटेपर्यंत खोडते, हात वहीवर आडवा धरून चित्र झाकते, आणि काही महिन्यांनी चित्र काढणेच सोडून देते.

त्याला त्या वेळी जे हवे असते ते फार मोठे नसते. सहावीतली एक मुलगी तांब्या काढत होती. तिने तांब्याचे तोंड पूर्ण वाटोळे काढले, कारण ते वाटोळे आहे हे तिला ठाऊक होते. आणि बूड सरळ रेषेने काढले, कारण तो टेबलावर सपाट बसला होता. काहीतरी चुकले आहे हे तिला उमगत होते, काय ते उमगत नव्हते. फळ्यावर लंबवर्तुळाची आकृती काढून दाखवण्याऐवजी मी तिच्या हातात अर्धी भरलेली पाण्याची वाटी दिली आणि ती हळूहळू वर न्यावयास सांगितली. वाटी मांडीपाशी होती तोवर पाण्याची कड जवळजवळ वाटोळी दिसत होती. छातीपाशी ती चपटी झाली. हनुवटीपाशी नुसती फट उरली. आणि डोळ्यांच्या रेषेत वाटीची कड एक सरळ रेघ होऊन गेली. तिने वाटी पुन्हा खाली आणली, पुन्हा वर नेली. नंतर काही न विचारता तिने तांब्याचे तोंड पुसून चपटे केले, आणि बुडाला तोंडापेक्षा किंचित अधिक बाक दिला, कारण बूड डोळ्यांपासून अधिक खाली होते. हे शेवटचे मी तिला सांगितलेले नव्हते.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या आपल्या चित्रकलेच्या परीक्षांविषयी दोन शब्द बोलल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. या परीक्षा बंद कराव्यात असे म्हणणाऱ्यांत मी नाही. गावोगावच्या मुलांना पेन्सिलीला टोक कसे करावे येथपासून रंगाचा हात सपाट कसा द्यावा येथपर्यंतचे शिस्तीचे शिक्षण त्यांनी दिले, आणि अनेकांना मुंबईच्या सर ज. जी. कला शाळेचा दरवाजा दाखवला. 1857 मध्ये सुरू झालेल्या त्या शाळेने इंग्लंडातल्या साउथ केन्सिंग्टनच्या कलाशाळेची पद्धत आपल्या इलाख्यात आणली, आणि नमुन्यावरून नक्कल करण्याचा आपल्याकडचा प्रघात पुष्कळसा तेथून आला हे खरे. परंतु त्याच शाळेच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 पासून आपल्या विद्यार्थ्यांना अजिंठ्यास नेऊन तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती वर्षानुवर्षे करवून घेतल्या, हेही तितकेच खरे. लेण्याच्या अंधुक उजेडात एका बोटाची मुद्रा उतरवण्यासाठी मूळ चित्रापुढे बसून राहणाऱ्या विद्यार्थ्याची नक्कल ही पाहण्याचीच तपश्चर्या होती. स्मरणचित्राच्या प्रश्नपत्रिकेसाठी ‘बाजार’, ‘पावसाळा’ आणि ‘बसथांबा’ अशी तयार चित्रे पाठ करून घेण्याची जी वहिवाट आज पडली आहे, तिच्यात स्मरणही नाही आणि चित्रही नाही. दहावीच्या निकालात या परीक्षांचे वाढीव गुण मिळू लागल्यापासून पालकांची घाई वाढली. आणि ज्या मुलाने बाजाराचे चित्र काढले त्याला त्या आठवड्यात बाजारात कोणी नेलेच नाही, अशी अवस्था झाली.

आता सरकारदरबारच्या गोष्टीकडे वळतो. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी जी तरतूद आहे ती आपण नीट वाचावी. ज्या शाळेत या वर्गांची पटसंख्या 100 हून अधिक, तेथे कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, असे ती म्हणते. म्हणजे ज्या वयात मूल चित्र सोडून देण्याच्या उंबरठ्यावर उभे असते, नेमक्या त्याच इयत्तांसाठी कायद्याने पूर्ण वेळेचा शिक्षक आवश्यक मानला नाही. आणि 100 किंवा त्याहून कमी पटाच्या शाळेला, म्हणजे आपल्या डोंगरी आणि आदिवासी भागांतल्या असंख्य शाळांना, अंशकालीनाचाही हक्क दिला नाही. ज्या डहाणू-तलासरीच्या मुलुखात लग्नघरच्या गेरूने सारवलेल्या भिंतीवर वारली सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौकाचे चित्र लिहितात, तेथल्या लहान शाळेच्या वेळापत्रकातला चित्रकलेचा तास गणिताच्या उजळणीत जातो, आणि त्याच वेळी शहरातल्या मुलांच्या प्रकल्पवह्यांना वारली नक्षीची किनार चिकटवण्यात येते, हा विपर्यास माझ्या मनाला फार लागतो.

दुपारच्या सत्रात आपल्यापुढे ठरावांचा मसुदा येणार आहे. वेतनश्रेणी आणि रिक्त पदे यांविषयीच्या ठरावांना माझा पूर्ण पाठिंबा आहे. शिक्षकाच्या पोटाची चिंता मिटल्याशिवाय त्याने मुलाच्या चित्रासाठी जीव टाकावा, ही अपेक्षा अन्याय्य आहे. या ठरावांना माझी एक पुरवणी आहे. पाचवी ते आठवीच्या चित्रकलेच्या तासिका एकेकट्या न ठेवता दोन-दोन जोडून द्याव्यात, अशी मागणी आपण शिक्षण खात्याकडे लेखी करावी. कारण पस्तीस मिनिटांच्या तासात पाणी आणणे, रंग कालवणे आणि ब्रश धुणे यांतच निम्मा वेळ जातो, आणि वर्गाबाहेर जाऊन एखादे झाड पाहून परत येण्यास तर तो मुळीच पुरत नाही. अशा जोडतासिकेसाठी वेगळ्या निधीची किंवा नव्या नेमणुकीची गरज नाही. मुख्याध्यापकाने वेळापत्रकात दोन चौकटी शेजारी आणल्या की ती होते. खात्याचे उत्तर येईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. येत्या जूनमध्ये वेळापत्रके लागण्यापूर्वी आपापल्या मुख्याध्यापकांपुढे ही मागणी ठेवावी, आणि ज्यांना तशी तासिका मिळेल त्यांनी तिच्या पहिल्याच दिवशी वर्गाला शाळेच्या आवारात न्यावे, एवढी माझी आपणांस विनंती आहे.