धर्माची गोष्ट निघाली म्हणजे

वसईकडे कॅथॉलिक आणि मुसलमान एकाच बाजारात भाजी घेतात, एकाच एस.टी.त बसतात. धर्माची गोष्ट मात्र दोघेही टाळतात. पण वर्गातले एखादे पोर विचारतेच, ''गुरुजी, त्यांचा ईसा आणि आमचा येशू एकच का?'' तेव्हा काय सांगावे?

हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. अकबर बादशहाने १५७५ साली फत्तेपूर शिक्रीला इबादतखाना बांधला आणि धर्मचर्चा आरंभिली. पुढे त्याने गोव्याहून पाद्री बोलाविले. १५८० साली रुदोल्फ अक्वाविवा, मोन्सेरात व हेन्रिक्स हे जेझुइट तेथे पोहोचले. त्यांनी बायबलाचे मोठाले खंड नजर केले. बादशहाने ते मस्तकी लावले. आरंभ कसा सुरेख! परंतु वादाला तोंड फुटताच पाद्र्यांनी पैगंबरांविषयी कठोर शब्द काढले. मग पुढचे ऐकतो कोण? (मुल्लामंडळींची भाषाही काही साखरेची नसणार, ते वेगळे.) १५८३ साली अक्वाविवा गोव्याला परतले.

यानंतर १५९५ साली जेरोम झेवियर लाहोरला आले. वाद घालण्याची हौस त्यांनाही होती. पण ते फारसी शिकले आणि अब्दुस सत्तार या मुसलमान विद्वानाला जोडीला घेऊन त्यांनी १६०२ साली येशूचे चरित्र फारसीत सिद्ध केले. मला ही जोडी फार मोलाची वाटते. शेजाऱ्याच्या भाषेत आपली श्रद्धा मांडू गेले, की कोणता शब्द त्याला कसा ऐकू येतो ते कळते.

'देवाचा पुत्र' हेच पाहा. मुसलमानाच्या कानी हा शब्द पडला, की परमेश्वराला बायको आणि मूल आहे असे कोणी म्हणते आहे, असे त्याला वाटते. आणि तो दुखावतो. कॅथॉलिकाने आधी हे सांगावे की, ''बाबा रे, तसले जन्मणे आम्हीही मानीत नाही.'' मग आपला अर्थ सांगावा. मतभेद उरेलच, पण तो खरा मतभेद असेल.

आरंभ मरियमेपासून करावा. कुराणाचा एकोणिसावा अध्याय तिच्या नावाचा आहे, आणि त्या ग्रंथात नावाने उल्लेखिलेली स्त्री ती एकटीच. ईसा कुमारीपोटी जन्मला, हे दोघांनाही मान्य. क्रूसापाशी मात्र वाट फुटते. ईसाला क्रूसावर मारले नाही, असे कुराण म्हणते. कॅथॉलिकाची सारी आशा त्याच मरणावर व पुनरुत्थानावर उभी. इथे ''सगळे धर्म एकच हो'' म्हणून पांघरूण घालणे मला पटत नाही. त्यात दोघांचाही अपमान आहे.

आणि शेजाऱ्याने सरळच विचारले, ''आम्ही तुमच्या ईसाला पैगंबर मानतो. तुम्ही आमच्या पैगंबरांना मानता का?'' तर? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी काढलेल्या घोषणेत मुसलमानांविषयी आदर व्यक्त केला, मागील वैर विसरा म्हटले. पण महंमद पैगंबरांचे नाव तीत नाही. तेव्हा उत्तर ज्याचे त्यानेच शोधायचे. माझ्या मते ते असे असावे: ''चाचा, तुम्ही मानता तसे मी मानीत नाही, मानतो म्हणालो तर ते खोटे होईल. पण त्यांनी माणसांना एका ईश्वरापुढे वाकायला शिकविले, याचा मला आदर आहे. आता तुम्ही सांगा, ते तुम्हांला कोण वाटतात?''

आणि मग मध्ये न बोलता ऐकावे.