द्राक्षमद्यातील आंबटपणाचे मोजमाप

चिंचेच्या सारात गूळ घातला की आंबटपणा मावळल्यासारखा वाटतो. वस्तुतः सारातील आम्ल कणभरही कमी झालेले नसते. जिभेची ही फसगत द्राक्षमद्य, म्हणजे वाइन, तयार करणाऱ्यास परवडत नाही. द्राक्षे पिकतात तसतशी त्यांतील साखर वाढते व आम्ल घटते. पण गोडीला भुललेली जीभ किती आम्ल उरले हे सांगू शकत नाही. पुढे रस आंबून साखर नाहीशी झाली, म्हणजे खरी स्थिती कळते. तोवर हंगाम हातचा गेलेला असतो.

द्राक्षांत मुख्यतः दोन आम्ले असतात: चिंचेतले टार्टारिक आणि सफरचंदातले मॅलिक. त्यांचे एकूण प्रमाण काढण्याची रीत शाळेच्या प्रयोगशाळेतही करता येण्याजोगी आहे. दहा मिलिलिटर मद्य घ्यावे. त्यात विरघळलेला कार्बन डायॉक्साइड आधी घालवावा, नाहीतर तोही हिशेबात शिरतो. मग फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकून ब्युरेटमधून दशांश नॉर्मल कॉस्टिक सोडा थेंबथेंब सोडावा. फिकट गुलाबी रंग टिकला की थांबावे. आठ मिलिलिटर सोडा लागला, तर लिटरमागे ६ ग्रॅम आम्ल समजावे. तांबड्या मद्यात हा गुलाबी रंग दिसणार कसा? तेथे पीएचमापक लावून ८.२ या अंकावर थांबतात.

एक गंमत सांगण्याजोगी आहे. हेच ६ ग्रॅम फ्रान्समध्ये ३.९ म्हणून लिहिले जातात. कारण इतरत्र हिशेब टार्टारिक आम्लाचा, तर फ्रेंचांचा परंपरेने गंधकाम्लाचा. मद्यात गंधकाम्ल असते असा मात्र याचा अर्थ नव्हे!

परंतु आम्ल किती आहे आणि ते किती प्रखर आहे, हे दोन निरनिराळे प्रश्न होत. दुसऱ्याचे उत्तर पीएच देतो. ही मोजपट्टी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी १९०९ साली मांडली. अंक जितका लहान, तितकी प्रखरता अधिक. रसात पोटॅशियम अधिक असले की आम्लाचा काही भाग निष्प्रभ होतो; म्हणून लिटरमागे सारखेच आम्ल असूनही एका मद्याचा पीएच ३.२, तर दुसऱ्याचा ३.८ भरू शकतो. मद्याचे टिकणे प्रामुख्याने या अंकावर अवलंबून असते. जंतूंपासून रक्षणासाठी सल्फर डायॉक्साइड घालतात. त्याच्या मुक्त भागापैकी खरोखर जंतुनाशक असा अंश ३.२ पीएचला सुमारे ४ टक्के असतो, ३.८ ला जेमतेम १ टक्का. म्हणजे तेवढ्याच रक्षणासाठी औषध चौपट हवे. आणि ते अधिक झाले की वास नाकाला झोंबतो, दमेकऱ्यांपैकी काहींना त्रासही होतो.

उष्ण प्रदेशात ही अडचण विशेष. उष्णतेने मॅलिक आम्ल झपाट्याने जळून जाते; टार्टारिक त्या मानाने टिकते. नाशिककडे मद्याची द्राक्षे साधारणतः जानेवारी ते मार्चमध्ये खुडतात, म्हणजे दिवसेंदिवस ऊन तापत असताना. तेथे केवळ साखर पाहून तोडणी लांबविणारा बागाईतदार आम्ल गमावून बसतो. कमतरता टार्टारिक घालून भरून काढता येते. पण ते आंबवण्यापूर्वीच घालणे चांगले.

एका आम्लाचे मोजमाप मात्र वेगळे करावे लागते, ते म्हणजे शिरक्यातले अ‍ॅसेटिक आम्ल. ते वाफेबरोबर उडते, म्हणून वाफेच्या साहाय्याने ऊर्ध्वपातन करून मोजता येते. मिस्साविधीसाठी वापरावयाचा द्राक्षारस नैसर्गिक, द्राक्षाचाच आणि न बिघडलेला असावा, असे चर्चच्या १९८३ सालच्या विधिसंहितेचा ९२४ वा नियम सांगतो. शिरका झालेला रस तेथे चालत नाही. तो करणाऱ्या जंतूंना हवा लागते. म्हणून जाणता कारागीर पिंप अर्धे रिकामे राहू देत नाही, आणि मद्य आटून पातळी थोडी खाली गेली तरी त्याच जातीचे मद्य ओतून ते तोंडोतोंड भरून ठेवतो.