नुरा कुस्ती आणि निकाली कुस्ती

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर)



पंचवीस वर्षं एका आवारात राहायचं, पाण्यावरून न् पार्किंगवरून भांडायचं आणि पुन्हा एकाच मांडवात पंगतीला बसायचं, ही साधी गोष्ट नाही. त्याबद्दल आधी सगळ्यांचं अभिनंदन करतो. मला विषय दिलाय जुन्या काळातली कुस्ती आणि तिच्यातले पैलवान.

कुस्तीचा विषय निघाला की लेकरांचा एक प्रश्न ठरलेला असतो : टीव्हीवरची कुस्ती खरी असते का खोटी? त्यासाठी आपल्या भाषेत शब्द तयार आहेत. ज्या कुस्तीचा निकाल दोघांनी आधीच ठरवलाय ती नुरा कुस्ती. एकाची पाठ मातीला लागल्याशिवाय जी सुटत नाही ती निकाली कुस्ती. आता नुरा हा शब्द पुढाऱ्यांच्या भांडणालाच जास्त वापरतात, पण तो आहे फडातला. आणि नुरा म्हणजे सगळंच खोटं असं आपण समजतो, तिथं जरा थांबून विचार केला पाहिजे.

बिलोली, कुंडलवाडी, धर्माबाद, देगलूर हा सगळा सीमेचा मुलूख. १९४८ पर्यंत इथं निजामाचा अंमल होता. मांजरा ओलांडली की बोधन, निजामाबाद. त्यामुळं आमच्या जत्रांच्या फडात मराठी, तेलुगू आणि दखनी अशा तिन्ही भाषांत आरोळ्या उठायच्या. सुगी झाली की गावोगाव जत्रा लागायच्या आणि जत्रा म्हटली की कुस्त्या आल्याच. आपल्या जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात भरते. घोड्या-गाढवांच्या बाजाराइतकीच तिथली कुस्त्यांची दंगल नावाजलेली आहे.

फडाची रीत ठरलेली असायची. आधी बारक्या पोरांच्या कुस्त्या, रेवड्यांवर नाहीतर नारळावर. मग दहा-वीस रुपयांच्या, मग शे-दोनशेच्या आणि शेवटी मानाची कुस्ती. हलगी कडाडायची, पैलवान माती कपाळाला लावून सलामी द्यायचे, शड्डू ठोकायचे. घटकाभर नुसती खडाखडी चालायची आणि मग कुणीतरी पटात शिरायचा. धोबीपछाड, कलाजंग, ढाक, घिस्सा, मोळी ही नावं बघणाऱ्या म्हाताऱ्यांना पाठ असायची. डाव बसायच्या आधीच ते ओरडून सांगायचे. जिंकलेला गडी फडातून फिरायचा आणि लोक त्याच्या हातात नोटा ठेवायचे. हे सगळं गावाच्या वर्गणीवर चालायचं. ज्यानं दोन रुपये दिले, त्यालाही वाटायचं की हा फड आपलाच आहे.

आता नुरा कुस्ती लागायची कशामुळं? पैलवानाची कमाई जत्रांच्या हंगामापुरती. दूध, तूप, बदाम, मटण हा खुराक मात्र बारा महिने लागतो. माळेगावला गुडघा गेला तर पुढच्या सगळ्या जत्रा गेल्या. मग दोघं तोलामोलाचे पैलवान आपसात ठरवायचे, वीस मिनिटं लोकांना दाखवू आणि बरोबरीत सोडवू. लोकांच्या ध्यानात आलं की शिव्या आणि ढेकळं दोन्ही पडायची. फसवणूक म्हणून लोक चिडायचे ते बरोबरच होतं. पण त्या पैलवानाच्या घरची चूल कोण पेटवणार, हा प्रश्न कुणी विचारत नव्हतं.

शहरांत याच सुमारास तिकिटावरच्या फ्री स्टाइल कुस्त्या जोरात होत्या. त्यांचा राजा म्हणजे दारासिंग. अमृतसरजवळच्या धर्मूचक गावचा हा शेतकऱ्याचा मुलगा १९४७ मध्ये सिंगापूरला गेला आणि तिथं धंदेवाईक कुस्तीगीर झाला. त्यांचा जोडीदार किंग काँग. खरं नाव एमिल झाया, मूळचा हंगेरियन, वजन दोनशे किलोच्या आसपास. हा डोंगर एका बाजूला आणि दारासिंग दुसऱ्या बाजूला, एवढ्यावर स्टेडियम भरायचं. २९ मे १९६८ रोजी मुंबईत दारासिंगांनी अमेरिकेच्या लू थेझला हरवून जागतिक अजिंक्यपद घेतलं. ‘फौलाद’सारख्या सिनेमांनी त्यांना खेड्यापाड्यांत पोचवलं आणि १९८७ पासून दूरदर्शनवरच्या ‘रामायणा’त ते घरोघरी हनुमान झाले. तालमीतले वस्ताद मात्र या फ्री स्टाइलला नाकं मुरडायचे. ते म्हणायचे, ही कुस्ती नव्हे, तमाशा आहे.

तमाशा म्हणा, पण तमाशातल्या माणसांचे हालही खरेच असतात. हमीदा बानूंचं उदाहरण घ्या. अलीगढच्या या बाईनं १९५४ मध्ये जाहीर आव्हान दिलं, ‘मला हरवा आणि माझ्याशी लग्न करा.’ त्या मे महिन्यात बडोद्याला बाबा पैलवानाला त्यांनी १ मिनिट ३४ सेकंदांत चित केलं. आपल्याकडं कोल्हापुरात त्यांनी पुरुष पैलवानाला हरवलं तर लोकांनी दगड मारले. पुण्यातली कुस्ती तर होऊच दिली नाही. त्यांनी तेव्हाचे मुख्यमंत्री मोरारजी देसाईंकडं तक्रार केली. उत्तर आलं, बाई म्हणून बंदी नाही, तुमच्यासमोर नकली पैलवान उभे करतात अशा तक्रारी आहेत म्हणून बंदी आहे. म्हणजे पुन्हा तेच, खरी का खोटी! ह्या वादात ती बाई कुठं गेली ते कुणी बघितलं नाही. उतारवयात त्या मुंबईजवळ कल्याणला राहिल्या, दूध विकून दिवस काढले. २०२४ मध्ये गूगलनं त्यांचं चित्र लावलं तेव्हा आपल्याला त्यांचं नाव कळलं.

आता टीव्हीवरच्या कुस्तीचं सांगतो. केबल आली, पोरं डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते खेळू लागली, अंडरटेकर आणि हल्क होगन घरातले झाले. हा करमणुकीचा प्रकार आहे, स्पर्धा नव्हे, असं कंपनीनं स्वतःच १९८९ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या सिनेटसमोर सांगितलं होतं. म्हणजे नुरा, हे त्यांनीच कबूल केलं. पण १९९९ च्या मे महिन्यात ओवेन हार्ट नावाचा पैलवान छतावरून दोरानं खाली उतरताना रिंगणात पडला आणि गेला. बघणाऱ्या कितीतरी लोकांना आधी तो खेळाचाच भाग वाटला. लेकरांनो, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे : निकाल ठरलेला असू शकतो, पण पडणारं अंग खरंच असतं. मोडलेला मणका नुरा नसतो. म्हणून टीव्हीवर बघून गादीवर एकमेकांना आपटायचं नाही.

आणि निकाली कुस्तीवाल्यांचं तरी काय निराळं झालं? कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक त्यांनी आणलं. जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. पदक घेऊन आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवले आणि ते कर्ज फेडलं. पुढं पोलीस खात्यात नोकरी केली. १९८४ मध्ये अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो गेल्यावर सोळा वर्षांनी.

आपल्या मराठवाड्याचं नाव घ्यायचं तर हरिश्चंद्र बिराजदार. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे. १९६९ मध्ये लातूरलाच, आपल्या माणसांसमोर, ते महाराष्ट्र केसरी झाले. १९७० च्या एडिनबरो राष्ट्रकुल स्पर्धेत सोनं जिंकलं. १९७७ मध्ये बेळगावला दिल्लीच्या सतपालना हरवलं. म्हातारे लोक अजून त्या कुस्तीचं नाव काढलं की बसल्या जागी सरसावतात. पण मला त्यांची पुढची वर्षं जास्त मोलाची वाटतात. पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत ते पोरांना शिकवत राहिले. सगळे त्यांना ‘मामा’ म्हणायचे. पाटोद्याचा राहुल आवारे त्यांच्याच हाताखालचा. मामा २०११ मध्ये गेले, राहुलनं २०१८ मध्ये गोल्ड कोस्टला राष्ट्रकुलचं सोनं घेतलं. मामांनी पेरलं ते सात वर्षांनी असं उगवलं.

मोठी नावं पुस्तकात राहतात, थोडंफार मानधनही मिळतं. पण माळेगावच्या, आपल्या आसपासच्या जत्रांच्या फडात शंभर-दोनशेच्या कुस्त्या खेळलेल्यांचं काय? चिपटलेल्या कानांचे, गुडघ्यावर हात ठेवून जिना चढणारे ते मामा, ते चाचा आपल्याच गल्लीत राहतात. भाजी आणायला जाताना आपण त्यांच्या शेजारून जातो. त्यांच्या कुस्तीवर आपल्या वडिलांनी टाळ्या वाजवल्या, वर्गणीही दिली. फड उठला आणि आपण घरी आलो. ते तिथंच राहिले.

म्हणून संचालक मंडळापुढं एक सूचना ठेवतो. दरवर्षी आपल्या वर्धापनदिनाला तालुक्यातले दोन जुने पैलवान बोलवावेत, जात-धर्म न बघता. शाल-श्रीफळ द्यावंच, पण तेवढ्यावर भागवू नये. सोसायटीत डॉक्टर सभासद आहेत, त्यांनी त्यांचे गुडघे, कंबर तपासावी. लागतील त्या औषधांचा खर्च सांस्कृतिक निधीतून व्हावा. आणि आपल्या लेकरांनी त्यांच्याजवळ बसून डावांची नावं, जुन्या फडांच्या गोष्टी वहीत उतरून घ्याव्यात. पुढच्या स्मरणिकेत त्या छापू. खर्च एका सत्कार-समारंभाइतकाही येणार नाही.

त्यांची कुस्ती नुरा होती का निकाली, हे त्यांना विचारू नका. आधी विचारा, ‘मामा, गुडघा कसा आहे?’