बेंगळुरूचे ऋण आणि नेत्रदान



मी रेल्वेतला साधा डिप्लोमा इंजिनिअर, भाषणाची सवय नाही. पोटापाण्यासाठी आलेल्या आपणा मराठी माणसांना बेंगळुरूने आपले मानले. हे ऋण कसे फेडावे, हेही याच शहराने दाखवले आहे.

१२ एप्रिल २००६ रोजी डॉ. राजकुमार गेले, त्यांचे नेत्रदान झाले. २९ ऑक्टोबर २०२१ रोजी पुनीत राजकुमार अवघ्या ४६ व्या वर्षी गेले. त्या दुःखातही घरच्यांनी त्यांचे नेत्रदान केले. नारायण नेत्रालयाच्या डॉक्टरांनी बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचे थर वेगळे करून दोन डोळ्यांतून चौघांना दृष्टी दिली.

नजर उतरली की लोको पायलटला इंजिनावरून उतरावे लागते. डोळ्यांचे मोल आम्ही रेल्वेवाले जाणतो.

मात्र अर्जावर सही करून भागत नाही. मृत्यूनंतर साधारण सहा तासांत नेत्रदान व्हावे लागते आणि नेत्रपेढीला फोन घरच्यांनीच करायचा असतो. तोवर पंखा बंद ठेवावा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवावा. चष्मा किंवा मोतीबिंदूचे ऑपरेशन आड येत नाही. चेहराही विद्रूप होत नाही.

सणासुदीला मरणाचे बोलू नये म्हणतात. पण घरची सगळी माणसे एकत्र भेटतात ती याच दिवसांत. आज जेवायला बसाल तेव्हा आपली इच्छा त्यांना सांगा आणि नेत्रपेढीचा नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

गणपती बाप्पा मोरया!