संस्थांचे एकत्रीकरण आणि त्यांतील माणसे



दोन कंपन्या एक झाल्याचे वृत्त आपण वाचतो, तेव्हा त्यात भांडवलाचे आणि कर्जाचे आकडे असतात. तेथे वीस-वीस वर्षे नोकरी केलेल्या माणसांनी उद्यापासून कोणाच्या मागे उभे राहावयाचे, याविषयी अवाक्षर नसते. मला आज बोलावयाचे आहे ते याविषयी, आणि उदाहरण घ्यावयाचे आहे एअर इंडियाचे.

1953 साली विमानवाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा सरकारने दोन महामंडळे स्थापिली. परदेशची उड्डाणे एअर इंडियाकडे, देशातली इंडियन एअरलाइन्सकडे. पुढे अर्धशतकाहून अधिक काळ ही दोन घरे निराळी नांदली. एकाचे मुख्यालय मुंबईस, दुसऱ्याचे दिल्लीस. एकाकडे मुख्यतः बोइंग, दुसऱ्याकडे एअरबस. वेतनाची रीत वेगळी, बढतीची गती वेगळी. 2007 च्या ऑगस्टमध्ये या दोन चुली एक करण्यात आल्या. अर्थात कागदावर! उड्डाणांना एकच संकेताक्षर मिळण्यास 2011 चा फेब्रुवारी उजाडला.

खरी गाठ होती सेवाज्येष्ठतेची. वैमानिकाचे सारे आयुष्य त्या यादीतल्या क्रमांकावर चालते. कमांडर केव्हा व्हावयाचे, कोणते विमान मिळावयाचे, हे तो क्रमांक ठरवितो. आता दोन याद्या एकीत ओवावयाच्या कशा? नोकरीस लागल्याची तारीख धरावी, तर ज्या घरात बढती मंद होती तेथील माणसे वर चढतात. कमांडर झाल्याची तारीख धरावी, तर तीच माणसे खाली जातात. दोन्ही बाजूंना आपलाच पक्ष न्याय्य वाटतो, आणि गंमत अशी की दोघांचेही थोडेथोडे खरे असते. हा प्रश्न एकत्रीकरणाच्या आधी सोडवावयाचा. पण न्यायमूर्ती धर्माधिकारी यांची समिती नेमली गेली ती 2011 मध्ये, पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी समान वेतनासाठी संप केल्यानंतर. 2012 मध्ये दुसऱ्या घराचे वैमानिक रुसले. नव्या ड्रीमलायनरचे प्रशिक्षण वाटून देण्यास त्यांचा विरोध होता. तो संप 58 दिवस चालला.

अशा वेळी व्यवस्थापक 'आता आपली एकच संस्कृती' असे म्हणतात. माझा अनुभव असा, की ती 'एकच' संस्कृती बहुधा बलवान पक्षाची असते, आणि दुसऱ्याच्या रीतीला सवयीचा दोष ठरविले जाते.

पण म्हणून जुने ते सारे जपावे, असे मात्र मी म्हणणार नाही. एअर इंडियाच्या जुन्या नियमांप्रमाणे हवाई सुंदरीस पहिल्या गरोदरपणातच नोकरी सोडावी लागे. सर्वोच्च न्यायालयाने तो नियम 1981 मध्ये, नर्गिस मिर्झा खटल्यात, रद्द केला. ती रीतही त्या घराची 'संस्कृती'च होती! वेगळेपणाचा आदर म्हणजे प्रत्येक रूढीस मान नव्हे. ज्याला तिची झळ बसते त्याला विचारणे, एवढाच माझा आग्रह आहे.

2022 च्या जानेवारीत एअर इंडिया टाटांकडे परत गेली आणि 2024 च्या नोव्हेंबरमध्ये विस्तारा तीत विलीन झाली. त्याच वर्षीच्या एप्रिलात विस्ताराच्या वैमानिकांत नव्या वेतनकरारावरून असंतोष माजला, आणि पुष्कळ उड्डाणे रद्द करावी लागली. प्रवाशांचे हाल झाले खरे. परंतु भांडण या वेळी विलीनीकरणापूर्वी सात महिने बाहेर आले. 2007 साली ते आत कोंडले गेले होते.