गाण्यातला ‘तो’ कोण?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या व्याख्यानात आजवर आपण संतवाङ्मय, आहार, मुलांचे संगोपन, मृत्युपत्र कसे करावे, असे अनेक उपयुक्त विषय ऐकले. यंदा मी माझा विषय कळविला तेव्हा चिटणीसबाई क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “चालेल, पण आम्हा म्हाताऱ्यांना कळेल असे बोला.” तेव्हा आधीच सांगून टाकते. विषय आहे टेलर स्विफ्ट नावाची अमेरिकन गायिका, आणि तिच्या गाण्यांचे अर्थ लावीत रात्र रात्र जागणाऱ्या मुली. या मुली फार लांबच्या नाहीत. आपल्या नाती, भाच्या, सुना यांच्यातच त्या आहेत. कानात ती बोंडे घालून बसलेल्या असतात आणि आपल्याला वाटते की पोरगी वेळ फुकट घालवीत आहे. ती काय करीत असते, हे आज थोडे पाहू.

प्रथम या बाईंची ओळख. जन्म १९८९ सालच्या डिसेंबरातला, पेन्सिल्व्हेनिया राज्यातला. २००६ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, पहिला अल्बम निघाला. आपली गाणी ती स्वतः लिहिते, कधी एकटी, कधी कुणा जोडीदाराबरोबर. त्या पहिल्या अल्बमसोबत गाण्यांच्या शब्दांची एक छापील पुस्तिका होती. इंग्रजीत लहान आणि मोठी अशी दोन वळणांची अक्षरे असतात, हे आपण जाणतोच. या पुस्तिकेत सगळा मजकूर लहान अक्षरांत छापलेला, पण मध्येच, व्याकरणाचा काही संबंध नसताना, एखादे मोठे अक्षर. ही मोठी अक्षरे वेचून क्रमाने मांडली की एक छोटा निरोप तयार होई. २०१४ सालापर्यंतच्या पाचही अल्बमांत तिने हा खेळ केला. का केला, तेही तिने सांगितले आहे: आपले शब्द लोकांनी नीट वाचावेत म्हणून.

मला ही युक्ती फार आवडली. आपण उखाण्यात नाव गुंफतो ते सर्वांना ऐकू जावे म्हणून. हिने गुंफले ते शोधावे लागावे म्हणून. अक्षरे शोधता शोधता लाखो मुली ओळ न् ओळ वाचू लागल्या. शाळेत कवितेचे रसग्रहण म्हटले की ज्यांच्या कपाळाला आठ्या पडत, त्याच आता “या कडव्यात ‘मी’ कोण आणि ‘तू’ कोण?” यावर वाद घालू लागल्या. या वादाची दोन वळणे आहेत. एक मला मनापासून पटते, दुसऱ्याची काळजी वाटते.

पटणाऱ्याचे उदाहरण आधी देते. २०२० सालच्या जुलैत, सारे जग दारे लावून घरात बसले असताना, तिचा ‘फोकलोर’ नावाचा अल्बम आला. फोकलोर म्हणजे लोकसाहित्य, लोककथा. त्या वेळी तिने एवढेच कळविले की यातील तीन गाणी मिळून एकच गोष्ट होते. शाळकरी वयातील प्रेमाचा तिढा आहे आणि तिघांनी आपापल्या वेळी तो सांगितला आहे. कोणती तीन, ते सांगितले नाही. मुली कामाला लागल्या. एका गाण्यात जेम्स नावाचा मुलगा बेटी नावाच्या मुलीची क्षमा मागतो आणि तिच्या लोकरी जाकिटाचा उल्लेख करतो. दुसऱ्या एका गाण्याचे नावच ते जाकीट, ‘कार्डिगन’. फरसबंदी रस्ता या दोन्ही गाण्यांत येतो. जेम्सच्या गाण्यात कुणी एक मुलगी मोटार घेऊन येते आणि त्याला आत बस म्हणते. तीच मोटार, तेच बोलावणे ‘ऑगस्ट’ नावाच्या गाण्यात येते, पण तेथे बोलते ती ती मुलगी. झाले, तिन्ही गाणी सापडली! पुढे गायिकेनेही या वाचनाला दुजोरा दिला.

आता या शोधातून काय हाती लागले, ते पाहा. बेटी आता वयाने मोठी झाली आहे आणि मागे वळून पाहते आहे. जेम्स सतरा वर्षांचा आहे आणि त्याला वाटते आहे की क्षमा मागितली की सगळे मिटेल. आणि तिसरी, जिला आपण कोणत्याही गोष्टीत ‘ती दुसरी’ म्हणून सोडून देतो, तिलाही तिचे एक गाणे मिळाले आहे. त्या गाण्यात ती कुणाचे घर मोडायला निघालेली नाही. जे कधी तिचे नव्हतेच, त्याची आठवण काढीत ती बसली आहे. गाण्यात तिला नावसुद्धा नाही. एवढे मुली आपापसात बोलल्या, त्या ‘दुसरी’ची बाजू घेऊन भांडल्या. आपल्या बैठकीत एखाद्या मोडलेल्या संसाराची गोष्ट निघते तेव्हा त्या तिसरीची बाजू आपण किती वेळा ऐकून घेतो? मला तरी या पोरींकडून काही शिकण्यासारखे वाटले.

आता दुसरे वळण. त्या वळणावर एकच प्रश्न असतो: “हे गाणे कुणावर आहे?” गाण्यात एक कुणी तरी पुरुष आहे, मग त्याचे नाव शोधा, त्याची छायाचित्रे शोधा, तारखा जुळवा. नाव सापडले की गाणे सुटले, जणू शब्दकोडेच. २०१० सालच्या तिच्या अल्बमात ‘डिअर जॉन’ नावाचे एक गाणे आहे. वयाने बऱ्याच मोठ्या पुरुषाच्या नादी लागून होरपळलेली एकोणीस वर्षांची मुलगी त्यात बोलते. शीर्षकावरून लोकांनी एका प्रसिद्ध गायकाचे नाव ठरवून टाकले. ते मी येथे घेणार नाही, कारण या भाषणाला त्याची गरज नाही. पण या नादात शीर्षकातली दुसरी खूण कित्येकांच्या नजरेतून सुटली. इंग्रजीत ‘डिअर जॉन’ पत्र म्हणजे, बाईने पुरुषाला ‘आता आपले संपले’ असे कळविणारे पत्र. दुसऱ्या महायुद्धात दूर गेलेल्या अमेरिकन सैनिकांना अशी पत्रे येत, तेव्हापासून हा शब्द रूढ झाला. म्हणजे शीर्षकातच सांगितले आहे की निरोप हिने दिला आहे, सोडून जाणारी ही आहे. नाव शोधणाऱ्याला जॉन दिसला, पण पत्र दिसले नाही.

पुढे २०२३ साली हा अल्बम ती पुन्हा नव्याने गाऊन काढणार होती. त्या वर्षी २४ जूनला मिनिआपोलिस येथील कार्यक्रमात हे गाणे म्हणण्यापूर्वी तिने श्रोत्यांना विनविले. तिचे म्हणणे असे की, मी आता तेहेतीस वर्षांची आहे. एकोणिसाव्या वर्षी जे झाले त्यातली मी लिहिलेली गाणी आणि आपण मिळून जमविलेल्या आठवणी, एवढ्याचेच मला मोल आहे. हे गाणे कुणावर असेल असा तुम्हांला संशय आहे, त्या माणसाशी माझ्या वतीने इंटरनेटवर भांडायला जाऊ नका. गाणे लिहिणारीलाच असे हात जोडावे लागले. गंमत म्हणून सुरू झालेला शोध कुणा जिवंत माणसाच्या दाराशी दगड घेऊन उभा राहतो, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

ही खोड आजची नाही. कार्ली सायमन या अमेरिकन गायिकेने १९७२ साली एका गर्विष्ठ पुरुषाला उद्देशून एक गाणे म्हटले. अल्बमचे नाव होते ‘नो सीक्रेट्स’, म्हणजे ‘गुपिते नाहीत’! आणि लोक त्या एका गुपितामागे चाळीस वर्षे लागले. २००३ साली एका धर्मादाय लिलावात ते नाव ऐकण्याचा हक्क ५०,००० डॉलरला विकला गेला, तोही घेणाऱ्याने कुणाला सांगायचे नाही या अटीवर. अखेर २०१५ साली बाईंनी सांगितले की दुसरे कडवे नट वॉरन बेटी यांच्यावर आहे, बाकीची दोन दुसऱ्या दोघांवर. म्हणजे ज्या एका माणसाला लोक शोधीत होते, तो एक नव्हताच. गर्विष्ठपणाची तऱ्हा तिने तिघांत पाहिली आणि गाणे एक केले.

मैत्रिणींनो, येथे मला एक प्रश्न विचारावासा वाटतो. कवीने प्रेमकविता लिहिली की आपण म्हणतो, काय कल्पना, काय शब्दकळा! बाईने लिहिली की विचारतो, कोण ग तो? टेलर स्विफ्टने २०१४ साली ऑस्ट्रेलियातील एका रेडिओ मुलाखतीत हेच बोलून दाखविले होते. एड शीरन किंवा ब्रूनो मार्स आपल्या प्रेमांवर गाणी लिहितात तेव्हा त्यांना कुणी नावे ठेवीत नाही. बाईने लिहिले की मात्र बोटे उठतात.

हे फक्त अमेरिकेत घडते असे समजू नका. मी शिकवीत असताना आमच्या शाळेतल्या नववीतल्या एका मुलीने हस्तलिखितासाठी बारा ओळींची कविता दिली होती. वाट पाहण्यावर होती, आणि चांगली होती. शिक्षकांच्या खोलीत तिच्यावर चर्चा झाली ती एवढीच, की मुलगी कुणाची वाट पाहते आहे? घरी निरोप गेला. घरीही तोच प्रश्न झाला. ती आजोळी राहणाऱ्या आपल्या धाकट्या भावाची वाट पाहत होती, हे मला पुढे कधी तरी कळले. पण मला विचाराल तर तिने भावाची वाट पाहिली काय किंवा दुसऱ्या कुणाची, बारा ओळी तेवढ्याच चांगल्या होत्या. त्या मुलीने पुन्हा हस्तलिखिताला काही दिले नाही.

आपल्या आज्या-पणज्या जात्यावर बसून जे बोलत, त्यांत सासू होती, नणंद होती, परदेशी गेलेला भाऊ होता. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हाँ यांनी खेडोपाडी हिंडून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ही ओवी कुठल्या सासूवर आहे, असे कुणी विचारीत नाही. ती ऐकताना ज्या बाईचे डोळे भरतात, तिची ती होते. मग आजच्या मुलीच्या गाण्याला हा मान का देऊ नये?

तर मग गाण्यामागचे माणूस कधी विचारूच नये काय? तसेही माझे म्हणणे नाही. २०२० सालीच डिसेंबरात आलेल्या ‘एव्हरमोर’ या अल्बमात ‘मार्जरी’ नावाचे गाणे आहे. मार्जरी फिनले ही गायिकेची आईकडची आजी, ऑपेरा गाणारी, २००३ साली वारलेली. गाण्याच्या पार्श्वभूमीला एक धूसर स्त्रीस्वर ऐकू येतो, तो त्या आजीच्याच जुन्या मुद्रणातला आहे. हे कळल्यावर गाणे पुन्हा ऐकून पाहा. अंगावर काटा येतो. तसेच २०१२ सालचे ‘रोनन’. चार वर्षांचाही न झालेला मुलगा कर्करोगाने गेला. त्याच्या आईने जे लिहून ठेवले होते, त्यातून ते गाणे तयार झाले आणि त्या आईचे नाव सहलेखिका म्हणून लागले. येथे नाव कळल्याने गाण्याचे दार उघडते. ‘डिअर जॉन’च्या बाबतीत नाव कळल्याने ते बंद होते, कारण त्यापुढे कुणी ऐकतच नाही. फरक एवढाच आहे, आणि तो मुलींना समजावून देणे हे आपल्यासारख्या वडीलधाऱ्यांचे काम आहे. परंतु त्यासाठी आधी आपण त्यांच्याजवळ बसले पाहिजे.

त्यांच्या या वाचनाला थट्टेवारी नेऊ नका. २०२४ सालच्या वसंतसत्रात हार्वर्ड विद्यापीठात प्राध्यापिका स्टेफनी बर्ट यांनी याच गाण्यांवर अभ्यासक्रम शिकविला आणि जोडीला वर्ड्‌स्वर्थच्या कविता व विला कॅथरची कादंबरीही लावली. आणि या गायिकेच्या २०२३-२४ सालच्या १४९ कार्यक्रमांच्या दौऱ्यात तिच्या एका गाण्यातल्या उल्लेखावरून मुलींनी मण्यांची कंकणे ओवली, त्यांवर गाण्यांची नावे गुंफली आणि ओळखदेख नसलेल्या मुलींच्या मनगटात बांधली. दौरा हिंदुस्थानात आला नाही. आपल्याला त्यातल्या त्यात जवळचा मुक्काम सिंगापूरचा. तरी आपल्या इकडच्या मुलींच्या हातांतही ती कंकणे मी पाहिली आहेत. संक्रांतीला वाण लुटणाऱ्या आपण, आपल्याला यात परके काय वाटावे?

शेवटी एक व्यवहारातली सूचना करते. मंडळाच्या पुढील मासिक बैठकीला प्रत्येकीने घरातली एक मुलगी आणि तिचे आवडते एक गाणे घेऊन यावे. तिने शब्द वाचून दाखवावेत, अर्थ सांगावा. आपण तिला तीन प्रश्न विचारावेत: या गाण्यात बोलते कोण? तिला काय हवे आहे? आणि कोणती गोष्ट ती बोलायची टाळते आहे? चौथा प्रश्न, “तो कोण?”, हा आपण विचारायचा नाही. तिला सांगावेसे वाटले तर ती आपणहून सांगेल.

चिटणीसबाईंनी ही बैठक ठरवावी, खडीसाखर आणि दूध माझ्याकडून.