सहल रद्द, पैसे कोणाचे?

आमच्या संघटनेतील चार कुटुंबांनी बोनसच्या पैशांतून एका एजंटाकडे सिमला-मनालीची सहल ठरवली. पुढे तीच हॉटेले, तोच रेल्वेचा वर्ग निम्म्या खर्चात मिळतो असे कळले. भाव चढा लावणे हा काही गुन्हा नव्हे. आम्ही दीड महिना आधी सहल रद्द केली, इतकेच.

“भरलेले पैसे परत नाहीत,” असे म्हणून एजंटाने पावतीमागची बारीक अक्षरे दाखवली. बारीक अक्षरे वाचणे हा तर आमचा धंदाच! मालकाने नेमणूकपत्रावर छापले म्हणून तो कायदा होत नाही. १८७२ च्या करार कायद्याचे ७४ वे कलम म्हणते, करार मोडल्यास वाजवी भरपाई मिळेल. छापलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा. नुकसानीच्या मानाने अवाजवी दंड लावणाऱ्या कराराला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदाही अनुचितच ठरवतो.

तेव्हा आम्ही आवाज चढवला नाही, लेखी हिशेब मागितला आणि पोच घेतली. रेल्वेने किती कापले? हॉटेलांनी काय ठेवून घेतले? कागद निघाले ते रेल्वेचेच. हॉटेलांना पैसे गेलेच नव्हते! तिकिटांची वजावट आणि एजंटाची मजुरी (ती कोणाचीच बुडवू नये) सोडून बाकी रक्कम तीन आठवड्यांत परत आली. न येती, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आम्ही टिपून ठेवलाच होता.